अस्वल बोललं तर पैसे परत

गब्दुल अस्वलाला राग येत नाही, असं पार्कच्या नियमांच्या वहीत पहिल्याच पानावर छापलेलं होतं. गब्दुल हसतो, गब्दुल मिठी मारतो, गब्दुल हात हलवतो. आतल्या बाईला राग येतो की नाही, याबद्दल वही गप्प होती, कारण आत बाई आहे हेच मुळी कोणाला कळू द्यायचं नव्हतं. पण येतो हो! अकरा किलोचं सोंग अंगावर, मुंडक्यातला पंखा महिनाभर बंद, घामाच्या धारा डोळ्यांत, आणि वरून एखादा बाप आपल्या पोराला शिकवतोय, "मार, मार पोटात, त्याला लागत नाही!" अशा वेळी राग येणार नाही तर काय प्रेम येणार?

आतल्या बाईला घरीदारी सगळे बेबी म्हणत. वय बेचाळीस, गुडघे साठीचे, पण घरात धाकटी म्हणून जी बेबी झाली ती बेबीच राहिली. लग्न राहिलं ते राहिलंच. सहा वर्षं ती या गब्दुलच्या पोटात होती. अस्वलाला दिसायचं ते तोंडातल्या जाळीतून, म्हणजे नाकासमोरचं तेवढं, बाजूचं आणि पायाखालचं काही नाही. म्हणून कोपराला धरून चालवायला एक माणूस सोबत असे. हे काका आधी बसवर कंडक्टर होते, निवृत्तीनंतर इथे लागले, तरी सगळे त्यांना कंडक्टरच म्हणत. पोरांच्या रांगेलाही ते अजून "पुढे चला, पुढे चला, मध्ये जागा आहे" म्हणायचे. कोपर एकदा दाबलं तर पायरी, दोनदा दाबलं तर लहान मूल समोर, तीनदा दाबलं तर सुट्टी.

आता तुम्ही म्हणाल, लोक एवढे पैसे मोजून या पार्कात येतात कशाला? बेबीलाही सहा वर्षं हेच कोडं होतं. पाळण्यापाशी पाटी असते, 'रांग चाळीस मिनिटं'. माणूस खुशीत उभा राहतो. चाळीस मिनिटांनी रांग भिंतीआड वळते, आणि भिंतीआड तेवढीच आणखी एक रांग! घरून आणलेली पाण्याची बाटली दारातच काढून घेतात, का, तर बाहेरच्या पाण्याने म्हणे जादू बिघडते. आत तेच पाणी चौपट भावात, बाटलीवर गब्दुलचं चित्र. संध्याकाळी बापांचे चेहरे बघावेत, खिसा कापला गेलेल्या माणसाचे असतात तसे. तरी फोटोत सगळे दात दाखवतात. एवढे पैसे घातल्यावर हसायला नको?

एका बाबतीत मात्र पार्क दिल्या शब्दाला पक्का होता. तिकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'आमची पात्रं खरी आहेत. मुलांसमोर पात्र बोललं किंवा त्याने मुखवटा काढला, तर त्या कुटुंबाचे पॅकेजचे सगळे पैसे परत.' तिकिटाची मागची बाजू वाचतो कोण? पण कामाच्या माणसांना ती ओळ पाठ होती. दोन वर्षांपूर्वी एका दांडगट पोराने बदकाच्या पायावर उडी मारली आणि बदकाच्या तोंडून "आई गं!" निघालं. त्या कुटुंबाचे पैसे परत गेले आणि बदक घरी गेलं. त्यानंतर पार्कच्या साहेबांनी आणखी एक ओळ घातली, पात्र आणि पाहुणा नात्यातले असतील तर हमी नाही. माणसं कशी फसवतील याचा साहेबांचा अभ्यास दांडगा होता.

त्या बुधवारी बेबीची खरं तर सुट्टी. पण सकाळीच फोन आला की बदलीच्या बाईची कंबर धरली आहे, येतेस का, जादा पैसे देऊ. बेबी लगेच निघाली. आईला सांगितलं, मैत्रिणीकडे जाऊन येते. खरं सांगितलं असतं तर आईने सुट्टीच्या दिवशी राबतेस म्हणून कपाळाला हात लावला असता. आणि जादा पैसे तर हवेच होते, आईच्याच डोळ्यासाठी.

आईचा डावा डोळा तीन वर्षांपूर्वी गेला, 'बघू, बघू' करता करता. आता उजव्यातला मोतीबिंदूही पिकला होता. म्हातारी चहात साखरेऐवजी मीठ घालायची आणि आपणच हसायची. जिन्याच्या पायऱ्या पायाने मोजून उतरायची. डॉक्टरीणबाईंनी टेबलावर हात आपटून सांगितलं होतं, "येत्या सोमवारची ऑपरेशनची तारीख चुकवलीत आणि आत दाब वाढला, तर हाही डोळा जाईल. मग माझ्याकडे रडत येऊ नका." थोरल्या भावाला, दादाला, बेबीने निम्मे पैसे मागून पाहिले होते. दादाने हात वर केले. "सध्या फार ओढाताण आहे गं बेबी." मग बेबीने वर्षभर एकटीने जमवले. दर महिन्याला पगार झाला की आईच्या कपाटातल्या बिस्किटांच्या डब्यात टाकायची. आपल्यावर काही सोपवलंय, याचं म्हातारीला बरं वाटायचं, म्हणून डबा तिच्या ताब्यात.

दुपारी बारा वाजता गब्दुल फोटोच्या झोपडीत उभा होता. झोपडी म्हणजे लाकडी खोली, एका वेळी एकच कुटुंब आत. दाराच्या फटीतून बाहेरची रांग दिसत होती, आणि त्या रांगेत बेबीला एक मेंदी रंगाचा शर्ट दिसला. खिशाला पेन, आणि उभं राहतानाही डावा खांदा पुढे. सख्खा भाऊ तो, जाळीतून काय, भिंतीतूनही ओळखला असता. शेजारी वहिनी. दहा वर्षांचा थोरला मुलगा, पोट धरून पांढराफटक पडलेला. आणि सहा वर्षांची चिंगी, एका पायावर उड्या मारत. चौघांच्या मनगटावर सोनेरी पट्टे. सोनेरी पट्टा म्हणजे सगळ्यांत महाग पॅकेज, दोन दिवस आणि पार्कच्याच हॉटेलात मुक्काम.

बेबीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही ओढाताण? आईच्या डोळ्याला द्यायला दमडी नाही, आणि इथे सोनेरी पट्टे बांधून मिरवतोय? मग तिला दुसरं सुचलं आणि ते पहिल्यापेक्षा झोंबलं. आज बुधवार. बेबीची सुट्टी बुधवारी असते, हे दादाला पक्कं माहीत होतं. सगळा आठवडा सोडून त्याने नेमका बुधवार निवडला होता. बहीण भेटू नये म्हणून.

"पुढे चला, पुढे चला," कंडक्टरकाका म्हणाले, आणि चौघं आत आले.

कंडक्टरकाकांनी कोपर दोनदा दाबलं. चिंगीने धावत येऊन गब्दुलच्या पोटाला मिठी मारली होती. दादा दारातच काकांशी फोटोच्या भावावरून घासाघीस करू लागला. "एका फोटोला एवढे? सोन्याची चौकट आहे का?" काका शांतपणे दरपत्रकाकडे बोट दाखवत होते.

गब्दुल वाकला, तशी चिंगी टाचा उंचावून त्याच्या तोंडाच्या जाळीशी तोंड घेऊन गेली. मुलं गब्दुलला गुपितं सांगायचीच. त्याला बोलता येत नाही ना!

"गब्दुल, तुला एक सांगू? कोणाला सांगायचं नाही हं."

गब्दुलने मान डोलावली.

"आजीने तिच्या डोळ्याचे पैसे आम्हाला दिले. डब्यातले. आजी म्हणाली, तुम्ही बघून या आणि मला सगळं सांगा, म्हणजे मी बघितल्यासारखंच झालं. पण बेबीआत्याला नाही सांगायचं. आत्या ओरडते."

बेबीचा वर्षभराचा घाम होता त्या डब्यात. पोरांच्या लाथा होत्या. बापांनी पोटात मारायला लावलेले बुक्के होते. आईने ते उचलून लेकाच्या हातात ठेवले, आणि लेकाने घेतले! आईचा राग आला की कीव आली, हे तिलाच कळेना. 'मी बघितल्यासारखंच झालं' म्हणे. काय म्हणावं या बाईला! त्या लेकावर आयुष्यभर जीव ओवाळून टाकला, आता शेवटचा डोळाही ओवाळून टाकत होती.

तरीही ती गप्प राहिली असती. सहा वर्षांची सवय होती गप्प राहायची. चिंगीच्या डोक्यावर तिने पंजा फिरवला. तिकडे दादाचा आवाज चढला होता.

"लुटतात नुसते! सकाळपासून दोन पाळणे झाले. दोन! दुसऱ्यात याला ओकारी झाली. दीड तास उभं राहिलो ते काय, तर मिनिटभर गरगरायला. आणि आता हे घामट अस्वल. पैसे पाण्यात गेले सगळे."

"मी म्हणतच होते," वहिनी दबक्या आवाजात म्हणाली, "आईंच्या डोळ्याचं आधी होऊ द्या. तुम्हीच महिनाभर त्यांच्या मागे लागलात, माझ्या बहिणीची मुलं तीनदा जाऊन आली म्हणून."

"डोळ्याचं काय एवढं? बेबी जमवेल पुन्हा. तिला काय खर्च आहे? एकटा जीव."

एरवी बेबीचा राग भडकायचा आणि डोळ्यांवाटे वाहून जायचा. आज तो वाहिला नाही. 'एकटा जीव' ऐकलं आणि आत सगळं एकदम थंड झालं. ज्या पैशांत आईला उरलेलं आयुष्य दिसलं असतं, त्यात या माणसाने दोन पाळणे आणि एक ओकारी विकत घेतली होती, आणि वर तोच म्हणत होता की सौदा महाग पडला!

"उभे राहा, उभे राहा, फोटो काढतो," काका म्हणाले. चौघं गब्दुलच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. दादाने ओठ ताणून हसू आणलं.

गब्दुलने दोन्ही पंजे वर नेले, मानेखालचे आकडे काढले आणि स्वतःचं मुंडकं उपटून खाली ठेवलं.

आत बेबी होती. केस कपाळाला चिकटलेले, तोंड लालभडक. दादाचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. थोरला भिंतीला टेकला. वहिनीने तोंडावर पदरासारखी ओढणी धरली. चिंगीने "आ" म्हटलं, आणि पुढचं "त्या" निघायच्या आत बेबीने पंजाचं बोट ओठांवर ठेवलं.

"भाऊसाहेब," ती दादाला म्हणाली. सख्ख्या भावाला भाऊसाहेब! "तिकीट उलटं करा आणि मागे काय लिहिलंय ते वाचा. पात्र बोललं. मुखवटाही काढला. तुमचे सगळे पैसे परत मिळतात. फक्त एवढंच की आपली ओळख नसली पाहिजे. आपली ओळख नाहीच, नाही का?"

काकांच्या हातातून कॅमेरा पडता पडता राहिला. "बेबी, घाल ते," ते घाईने म्हणाले. "घाल म्हणतो ना! मी काही पाहिलं नाही."

"काका, तुम्ही सगळं पाहिलंत. साहेबांना बोलवा."

काकांनी एकदा मेंदी शर्टाकडे पाहिलं, एकदा बेबीकडे. दोघांचं नाक एकच होतं. पंचवीस वर्षं माणसं चढताना-उतरताना पाहिलेला माणूस, त्याला काय सांगायला लागतं? कॅमेरा खाली ठेवून ते साहेबांना आणायला गेले.

साहेबांच्या खोलीत थंडगार हवा आणि अत्तराचा वास होता. बेबी मुंडक्याशिवाय, बाकी अस्वलाच्या वेषात उभी होती. चौघं समोर सोफ्यावर. साहेबांनी तिकीट पाहिलं, वही पाहिली, बेबीचं ओळखपत्र पाहिलं, आणि भुवया वर केल्या.

"तुमचं दोघांचं आडनाव एकच दिसतंय."

हे बेबीच्या लक्षातच आलं नव्हतं. सहा वर्षांत तिला कोणी आडनावाने हाक मारली असेल तर शपथ!

"साहेब, या आडनावाची माणसं पायलीची पन्नास मिळतात," दादा म्हणाला.

"म्हणजे या बाई तुमच्या कोणी नाहीत?"

"नाही."

"ओळख? शेजारपाजार?"

"काही नाही. आज पहिल्यांदा बघतोय. पाहुण्यांच्या तोंडावर असं करते म्हणजे काय! माझी पोरं घाबरली."

बेबीनेच त्याला हे सांगायला लावलं होतं. तरी तिला वाटलं होतं, एवढं म्हणताना एकदा तरी त्याची जीभ अडखळेल. घसा खाकरेल, निदान रुमालाने तोंड पुसेल. लहानपणी याच दादाने तिला पाठीवर घेऊन नाला पार केला होता, हो! पण नाही. घोटभर पाणी प्यावं इतकं सहज त्याने तिला झटकून टाकलं, आणि वर तक्रारही जोडली. एवढी छान तालीम त्याची कधी झाली होती? बेबीला इतकं लागलं की पंजाच्या आत तिने मुठी वळल्या.

साहेब पक्के होते. ते खुर्चीतून वाकले आणि गोड आवाजात चिंगीला म्हणाले, "बाळ, ही कोण आहे गं?"

वहिनी जमिनीकडे बघत होती. चिंगीने बापाकडे पाहिलं, मग बेबीकडे, मग त्या तपकिरी केसाळ पोटाकडे.

"अस्वल," ती म्हणाली.

साहेबांनी सुस्कारा सोडला आणि सही केली. तिकिटं रोखीने काढली होती, पैसे रोखच परत आले, जाड पाकिटात. बेबीला चार ओळींचं पत्र मिळालं. उद्यापासून येऊ नये, चालू महिन्याचा पगार नियमाप्रमाणे कापला जाईल. सहा वर्षांच्या नोकरीचा निकाल लागायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. सोंग काढून तिने खुंटीला अडकवलं, तोंडावर पाणी मारलं आणि मागच्या दाराने बाहेर पडली. काकांनी दारापर्यंत सोबत केली आणि सवयीने तिचं कोपर धरलं. पायरी आली तेव्हा त्यांनी ते दाबलं.

मागच्या रस्त्यावर कचऱ्याच्या पेट्यांपाशी दादा एकटाच उभा होता. वहिनी मुलांना घेऊन समोरच्या बसथांब्यावर बसली होती. बेबी दिसताच त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि जवळ आला.

"काय डोकं लढवलंस बेबी! मानलं तुला," तो हसला. "नोकरीचं मात्र वाईट झालं. पण ते तुझं तू केलंस हां, मी सांगितलं नव्हतं."

"पाकीट दे."

"देतो ना! आईचेच आहेत, मी कुठे खातोय?" त्याने पाकीट बाहेर काढलं, पण हातातच धरून ठेवलं. "फक्त गाडीभाडं तेवढं बाजूला काढतो. आणि सकाळी आत काय खाल्लं-प्यायलं त्याचं. इथल्या किमती तर तुला माहीतच. शिवाय पोरांचा हिरमोड झालाय गं, दोन दिवस म्हणून आणलं होतं. वाटेत कुठेतरी नेतो, काहीतरी घेऊन देतो. उरलेले सगळे तुला. ऑपरेशनला थोडे कमी पडले तर डॉक्टरीणबाईंना सांग की हप्त्याने घ्या. तू बोलायला पटाईत आहेस."

तो पाकीट उघडून नोटा वेगळ्या करू लागला. बेबी पाहत राहिली. तिला वाटलं होतं, तो मान खाली घालेल. माफी मागेल असं नव्हतं वाटलं, पण निदान तिच्या डोळ्याला डोळा देणार नाही. आणि हा अंगठ्याला थुंकी लावून मोजत होता!

तिने पाकिटाचं दुसरं टोक पकडलं आणि ओढलं. त्याने सोडलं नाही.

"अगं, काय करतेस? माझं ऐक तरी! मी कोण आहे तुझा?"

"मला काय माहीत?" बेबी इतक्या मोठ्याने म्हणाली की बसथांब्यावरची माणसं वळून बघू लागली. "तुम्हीच मघाशी साहेबांना सांगितलंत ना, मला आज पहिल्यांदा बघताय म्हणून? मग अनोळखी बाईच्या हातातलं पाकीट भर रस्त्यात कशाला ओढताय? सोडा ते. नाहीतर आत्ता बोंब मारते."

थांब्यावरची दोन माणसं उठून पुढे आली. दादाने पाकीट सोडलं.